लिंबाचं सेंट

वडापच्या, म्हणजे वाटेत माणसं भरत जाणाऱ्या जीपमध्ये कुणी नाकाला रुमाल लावला की आक्का जागा बदलायची. लांब जायची नाही. उठून, बाकीच्यांच्या पायांवर पाय देत, त्या रुमालवाल्याला खेटून बसायची आणि विचारायची, "पावणं, कुठवर?" मग तो जिथवर जाणार असेल तिथवर त्याची सुटका नसायची. गाव कुठलं, मालक कसा आहे, दारात चारचाकी आहे का, असली तर तिच्या इंजिनातलं लोखंड कुठं ओततात हे ठाऊक आहे का, असं एकामागोमाग एक विचारत राहायची. माणूस आपला थांबा यायच्या आधीच उतरून चालायला लागायचा. आम्ही मागं बसून पदराआड हसायचो. आक्का हसायची नाही. तिला त्यात गंमत वाटतच नव्हती. ती खरोखर चिडलेली असायची, सकाळी घरातून निघतानाच.

आम्ही डझनभर बायका गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कोअर शॉपला होतो. मी अजून तिथंच आहे. फौंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओततात. ओतलेला भाग आतून पोकळ राहायला पाहिजे असेल तर साच्यात वाळूचा एक ठोकळा बसवावा लागतो, त्याला कोअर म्हणतात. ते आम्ही तयार करतो. चिकट रसायन कालवलेली वाळू मशीनमध्ये दाबायची आणि वरून एक गॅस सोडायचा, की वाळू दगडासारखी घट्ट होते. त्या गॅसला कुजलेल्या माशाचा वास येतो. मशीनच्या डोक्यावर एक मोठा पंखा असतो. तो हा गॅस ओढून घेतो आणि मागच्या टाकीत नेऊन धुतो. म्हणजे त्यानं तसं करायचं असतं. आमचा पंखा बंद होता. मी कामाला लागले तेव्हाही बंद होता, आणि कधीपासून बंद आहे असं विचारलं तर जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवायचा.

तो वास केसांत बसायचा, नखांत बसायचा, कोपराच्या घडीत बसायचा. शिकेकाई झाली, डाळीचं पीठ झालं, कपड्याचा साबण झाला. अंगाची साल निघायची, वास निघायचा नाही. माझा नवरा तोंडानं काही बोलला नाही, पण एके दिवशी त्यानं उशी उचलून पायथ्याकडं नेली. मला त्याचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. त्याला वाटतं मी विसरले.

आक्का आमच्यात सगळ्यांत जुनी. आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तशी ती पुरुषासारखं बोलायची, "मी येतो, मी सांगतो". साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट घालायची आणि बाह्या कधी दुमडायची नाही. नवरा होता म्हणतात. कुठं असतो म्हणून विचारलं की सांगायची, "आसल की कुठं तरी सावली बघून." त्याच्याविषयी तिच्या तोंडून मी एवढंच ऐकलं.

तिला राग कशाचा यायचा याची मोजदाद नव्हती. पातळ चहाचा यायचा. कॅन्टीनचा चहा पातळ असला तर ती कप हातात घेऊन थेट कॅन्टीनवाल्याकडं जायची आणि तो त्यालाच प्यायला लावायची. मापात कमी भरणाऱ्या भाजीवालीचा यायचा, आणि मापात जास्त टाकून 'आठवण ठेवा' म्हणणारीचा त्याहून यायचा. पण सगळ्यांत जास्त राग तिला 'जाऊ दे' या शब्दांचा होता. आमच्यातली कुणी चुकून म्हणाली, "जाऊ दे की आक्का," तर ती हातातलं काम थांबवायची. म्हणायची, "कुठं जाऊ दे? त्याला काय पाय फुटल्यात?" आणि मग दिवसभर त्या बाईशी बोलायची नाही.

आता ती आजऱ्याला असते. तिकडं भावाकडं राहते आणि काजूच्या कारखान्यात जाते. मधूनच तिचा फोन येतो. कशी आहेस वगैरे काही नाही, फोन उचलला की पहिलं वाक्य तक्रारीचं. मागच्या वेळी काजूच्या टरफलातल्या तेलानं बायकांची बोटं काळी पडतात आणि मालक हातमोजे देत नाही, यावर ती बोलत होती. ऐकताना मला त्या मालकाची थोडी काळजी वाटली.

आमच्या पंख्यासाठी ती रोज सकाळी दुरुस्ती खात्यात जायची. आत पाऊल टाकायची नाही, दारात उभी राहून विचारायची, "पंखा कवा?" ते म्हणायचे पार्ट यायचाय. दुसऱ्या दिवशी परत. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की भोंगा वाजला, आता आक्का दारात असणार, असं आम्ही न बघता सांगायचो. साहेबांकडं अर्ज झाला, तोंडी सांगून झालं. साहेब म्हणजे आमच्या उत्पादन खात्याचे मॅनेजर. तसा गोड बोलणारा माणूस. सगळं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि शेवटी म्हणायचे की तुम्ही तर आपल्या कंपनीच्या लक्ष्म्या आहात. लक्ष्म्या म्हटल्यावर बाकीच्या गप्प बसायच्या. आक्का म्हणायची, "लक्ष्मीच्या नाकात कोण गॅस सोडतंय, सायेब?"

वास एकवेळ सोसला असता. उन्हाळ्यात पत्रा तापला की डोळे चुरचुरायचे, आणि सुटी होऊन बाहेर आलो की रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती धुकं दिसायचं. निळसर, गोल धुकं. एकदा रेश्मा हमरस्ता ओलांडताना मोटारसायकलच्या पुढ्यातच गेली. तिला गाडीचा दिवा दिसला होता, पण तो किती जवळ आहे हे कळलं नव्हतं. आक्कानं दंड धरून तिला मागं ओढली आणि ओढल्याबरोबर पाठीत एक धपाटा घातला.

ही रेश्मा आमच्यात सगळ्यांत लहान. वडील शिंपीकाम करायचे, घर गोकुळ शिरगावातच. हिच्या लग्नाचं बघत होते. चैत्रातल्या एका रविवारी मुरगूडकडचे पाहुणे तिला बघायला आले. शनिवारी ती कामावर होती, त्यामुळं रविवारी पहाटेपासून घासूनपुसून अंघोळ, वर मोगऱ्याचं सेंट. पाहुणे बसले. मुलाच्या आईनं पदर जरा नाकाशी नेला आणि विचारलं, घरात मासे केलेत का? रेश्माची आई घाबरून गेली आणि हो म्हणाली. आता हो म्हटल्यावर मासे वाढायला पाहिजेत. वडील मागच्या दारानं सायकलवर बाजारात पळाले. मासे आले, झाले, पाहुणे हात धुऊन दोन-दोनदा वाढून घेऊन जेवले. आणि नंतर निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण तिच्या अंगाला वास आहे.

सोमवारी नळावर भांडी धुताना रेश्मानं हे सगळं आम्हाला हसत हसत सांगितलं. बाप सायकलवर कसा पळाला ते नक्कल करून दाखवलं. आम्हीही हसलो. मग 'अंगाला वास आहे' इथं ती आली आणि धुतलेलाच डबा परत धुवायला लागली.

आक्काच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. तो तिनं भिंतीवर मारला. भांडं चेपलं, पाणी आमच्या सगळ्यांच्या अंगावर उडालं. ती म्हणाली, "अंगाला? हिच्या अंगाला?" आणि तरातरा दुरुस्ती खात्याकडं गेली. त्या दिवशी ती दारात थांबली नाही, आत गेली. काय झालं ते आम्हाला कळलं नाही. पार्ट मात्र यायचाच होता.

परत आल्यावर तिनं रेश्माच्या मानेचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि तिला विचारलं की मोगरा कुणी सांगितला. माशाच्या बाजारात लग्नाचा मांडव घातल्यासारखं झालंय म्हणाली. मग स्वतःशीच बोलावं तसं बोलत राहिली. मासा खाताना माणूस त्यावर मोगरा टाकतो का? चंदन उगाळतो का? लिंबू पिळतो. मग अंगाला तरी दुसरं काय लावायचं? पुढच्या रविवारी तिनं आम्हा दोघींना, रेश्माला आणि मला, कोल्हापुरात बोलावलं. वेळ दिली भर दुपारची. उन्हात कशाला, सकाळी जाऊ, असं मी म्हटलं. ती म्हणाली, सेंट सकाळी लागतंय काय?

महाद्वार रोडवरच्या एका मोठ्या दुकानात आम्ही आधी शिरलो. आत एसी, काचेची कपाटं, बाटल्यांवर दिवे सोडलेले. काउंटरवरचा माणूस सभ्य होता. त्यानं पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर सेंट मारून पट्टी आक्काच्या पुढं धरली. तिनं घेतली नाही. त्याला वाटलं आवडलं नाही, म्हणून त्यानं दुसरी पट्टी केली, मग तिसरी.

आक्का म्हणाली, "कागदाला घाम येतोय व्हय?"

तो हसला आणि म्हणाला की सगळीकडं असंच दाखवतात. आक्कानं त्याला समजावलं, म्हणजे तिच्या मतानं समजावलं. शेजारच्या दुकानातल्यांना वाटलं भांडण लागलंय. एसीत सगळ्यांनाच चांगला वास येतो, इथं काय परीक्षा, असं तिचं म्हणणं. मग तिनं पिशवीतून एक गाठ मारलेली प्लॅस्टिकची थैली काढली आणि काउंटरवर ठेवली. थैली बघूनच मी दाराकडं सरकले. तिनं गाठ सोडली. आत तिचा शनिवारचा कामावरचा ॲप्रन होता.

तो वास बंद दुकानात, एसीत, कसा पसरला ते मी सांगत नाही. एक नवराबायको अंगठीच्या डब्यासारखी छोटी बाटली बघत होते, ते बाटली ठेवून बाहेर गेले. काउंटरवरच्या माणसानं तोंडावर हात धरला आणि मालकाला हाक मारली. मालकानं आम्हाला बाहेर जायला सांगितलं. आक्कानं थैलीची गाठ सावकाश मारली. जाता जाता तिनं विचारलं, "आमी ह्यात आठ तास उभ्या ऱ्हातो. तुमाला इतकं बी सोसंना?" आणि रस्त्यावर आल्यावर आमच्यावर चिडली, कारण आम्ही दोघी मान खाली घालून बाहेर पडलो होतो. मान खाली घालायचं काम आपलं नाही म्हणाली.

अशी आणखी दोन दुकानं झाली. ऊन डोक्यावर, चपला डांबराला चिकटत होत्या. शेवटी लक्ष्मीपुरीच्या एका बोळात एक दुकान सापडलं. उदबत्त्या, कापूर, अत्तराच्या कुप्या आणि खालच्या फळीवर कसल्या कसल्या सेंटच्या बाटल्या. पंखासुद्धा नव्हता. मालक म्हातारा, बनियनवर बसलेला. आक्कानं थैली सोडली तेव्हा त्यानं नुसता वास घेतला, नाक चोळलं, आणि विचारलं, कुठल्या फौंड्रीतनं आला? त्याचा धाकटा भाऊ होता म्हणे तसल्या कामाला. आक्का त्याच्यावर चिडणार होती, पण चिडायला त्यानं जागा ठेवली नाही, म्हणून ती स्टूल ओढून बसली.

तिची अट एकच, रोज लावायला परवडलं पाहिजे. सणाला लावायचं सेंट लई बघितलं, वास काय सणालाच येतोय व्हय, असं तिनं त्याला सुनावलं. त्यानं लिंबाचं, आंबट फळांचं जे जे होतं ते काढलं. आक्कानं रेश्माच्या मनगटावर नारळाचं झाड आणि अननस छापलेल्या पिवळ्या बाटलीतलं मारलं, माझ्या मनगटावर संत्र्याचं, आणि स्वतःच्या मनगटावर एका बुटक्या हिरव्या बाटलीतलं. ॲप्रनच्या एकेका बाहीला, खिशाला तेच. मग आम्हाला उठवलं आणि बिंदू चौकापर्यंत उन्हातून चालवत नेलं आणि परत आणलं. चालताना वास घ्यायला बंदी. घाम आला पाहिजे, नीट आला पाहिजे.

परत आलो तोवर रेश्माचा हात शिळ्या सरबतासारखा झाला होता. माझं संत्रं लहान पोरांच्या तापाच्या औषधावर गेलं होतं. ॲप्रनवर तर संत्र्यानं आणि गॅसनं मिळून काहीतरी तिसरंच तयार केलं होतं. हिरवं मात्र उरलं होतं. गोड नव्हतं ते. लिंबाची साल नखानं सोलली की बोटाला जो कडवट वास राहतो, तो, आणि त्याच्या मागं वाळ्याचा थोडा गारवा. बाहीवरचा माशाचा वास त्यानं घालवला नव्हता. पण आता तो सडका वाटत नव्हता, स्वयंपाकघरातला वाटत होता. रेश्मानं बाही परत परत नाकाशी नेली आणि पहिल्यांदा त्या दिवसात नीट हसली.

म्हातारा म्हणाला, हे कुणी नेत नाही, लोकांना गोड लागतं. त्यावर मात्र आक्का त्याच्यावर चिडली. चांगली वस्तू खालच्या फळीवर का ठेवतोस म्हणून. त्यानं आमच्यासमोर ती बाटली वरच्या फळीवर नेऊन ठेवली.

थोड्याच दिवसांत कोअर शॉपच्या सगळ्या बायकांकडं ती हिरवी बाटली झाली. दिवसभर ते टिकायचं नाही, म्हणून कंबरेला छोटी कुपी. जेवणाच्या सुटीत एकदा, सुटी झाल्यावर एकदा. जीपमध्ये आम्ही चढलो की लिंबाच्या बागेत शिरल्यासारखं व्हायचं. रुमाल नाकावरून खाली आले. एक बाई तर आम्हाला विचारायला लागली, तुम्ही सरबताच्या कारखान्यात आहात का? आक्का तिच्यावरही खेकसली, पण मनापासून नव्हे.

रेश्माला दुसरे पाहुणे आले, हुपरीचे. चांदीच्या पैंजणांचं काम करणारं घर. मुलाच्या आईनं तिला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाली, किती छान वास आहे पोरीला. जमलं. रेश्मा हे सांगायला धावत आली, तर आक्काचं तोंड उतरलं. म्हणाली, "पोरगी बघाय आलते का बाटली?" लग्नानंतर नोकरी सोडायची, ही त्यांची अट होती, तिचाही तिला राग. पण लग्नाला गेली. पोटभर जेवली, आणि बिर्याणीत मटण वरच्या पंगतीला जास्त पडतंय यावरून आचाऱ्याशी भांडून आली.

लग्नाच्या आधीची गोष्ट आहे ती सांगायची राहिली.

साहेब एकदा फेरी मारत कोअर शॉपला आले. एरवी दारातून परत जायचे. त्या दिवशी आत आले, मशीनपाशी उभे राहिले, दीर्घ श्वास घेतला आणि खूश होऊन म्हणाले की वा, आता प्रॉब्लेमच राहिला नाही. जीपनं येणाऱ्या स्टाफच्या तक्रारीसुद्धा बंद झाल्यात. आक्कानं पंख्याचं विचारलं. साहेब म्हणाले, "आता पंख्याची काय घाई आहे? वास तर येत नाही. तुम्हीच उपाय काढलात की." आणि सेंटचा खर्च यापुढं कंपनी करेल, असंही त्यांनी जाहीर केलं. दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गॅस तोच होता, डोळे तसेच चुरचुरत होते, दिव्याभोवती धुकं होतं तसंच होतं. आम्ही फक्त साहेबांच्या नाकाची सोय केली होती. मी आक्काकडं बघितलं.  तिनं कंबरेची कुपी काढली, रेश्माच्या हातात दिली आणि म्हणाली, "गेटच्या भाईर लावायचं. आत न्हाय. आत कुणी लावलं तर माझ्याशी गाठ हाय."

मे महिन्यात पाहुणे येणार होते. लग्नाचे नव्हेत, कंपनीचे. आम्ही ज्यांच्या गाड्यांचे भाग ओततो त्या मोठ्या कंपनीची माणसं. आदल्या दिवशी आम्हाला धुतलेले ॲप्रन मिळाले, भिंतींना चुना लागला, आणि पुठ्ठ्याचं एक खोकं आलं. त्यात सेंटच्या बाटल्या होत्या. कंपनीनं आणलेल्या. गुलाबाच्या. साहेबांनी सांगितलं, सकाळी सगळ्यांनी लावायचं आणि पाहुणे येतील तेवढा वेळ गॅसची मशीनं बंद ठेवायची. आक्कानं खोकं घेतलं आणि वाळूच्या ढिगामागं सरकवून दिलं. 

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. साहेब त्यांना आमच्या दारावरून पुढं नेत होते, तेवढ्यात आक्का दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, आमचं बी बघा की. साहेब म्हणाले, इथं विशेष काही नाही. पण पाहुण्यांत एक तरुण इंजिनिअर बाई होती, डोक्याला हेल्मेट, पाठीला सॅक. ती आत वळली, म्हणून बाकीच्यांना वळावं लागलं. आक्कानं मला खूण केली.  मी मशीन चालू केलं. वाळू दाबली गेली, गॅस सुटला.

आम्ही कुणीच काही लावलं नव्हतं. पत्रा तापलेला होता. त्या बाईला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तिनं शर्टाची बाही नाकावर दाबली. साहेब काहीतरी बोलू लागले. आक्का त्यांच्या आणि बाईच्या मधे आली.

"बाई, तुमी नाक धरलं त्याचा मला राग न्हाय," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "तुमी आता भाईर जाशीला. आमी सांजंला जातो. लोकं म्हणत्यात आमच्या अंगाला वास हाय. हा आमचा न्हाय. तुमच्या गाडीचा हाय."

त्या बाईनं वर बघितलं. गंजलेला पंखा तिला दिसला. तिनं साहेबांना विचारलं, हा चालत का नाही? साहेब म्हणाले, पार्ट यायचाय. कधी मागवला, असं तिनं विचारलं. साहेब दुरुस्ती खात्याकडं बोट दाखवू लागले. ती खिशातून फोन काढून पंख्याचे फोटो घेऊ लागली.

वर्षानुवर्षं न येणारा पार्ट मग आठवड्याभरात आला. पंखा चालू झाला तेव्हा इतका आवाज झाला की आम्ही दचकलो. केस वर ओढल्यासारखे झाले. गॅस सुटला आणि आमच्या तोंडापर्यंत यायच्या आत वर निघून गेला. आक्का पंख्याखाली उभी राहून त्याच्याकडं बघत होती. आवाज खडखडतोय, बेअरिंग जुनंच घातलंय, फसवलंय, असं म्हणत होती. पण त्या दिवशी सुटी झाल्यावर आम्ही रस्त्यावर आलो आणि दिवे दिव्यांसारखे दिसले. रेश्मा उगाचच रस्ता ओलांडून पलीकडं गेली आणि परत आली.

आणि मग सोमवारी ठेकेदारानं आक्काला गेटवर थांबवलं. आम्ही सगळ्या ठेकेदाराच्या नावावर होतो, कंपनीच्या नव्हे. त्यानं तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. का, ते सांगितलं नाही. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, ठेकेदाराचा विषय आहे. ठेकेदार म्हणाला, वरून आलंय. वर म्हणजे कुठं, हे आजवर मला कुणी सांगितलेलं नाही. आजही साहेब मला जिन्यात भेटले की बरं आहे ना म्हणून विचारतात, आणि मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं. मी मान हलवते आणि पुढं जाते, कारण पोरीची फी आहे.

मंगळवारी आम्ही कुणीच आत गेलो नाही. गेटच्या बाहेर, भिंतीला टेकून बसलो. ऊन रणरणत होतं. ठेकेदार येऊन शिव्या घालून गेला. दुपारपर्यंत दुसऱ्या बायका आणतो म्हणाला. आम्ही हललो नाही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच असं काही करत होते आणि भीतीपेक्षा मला राग जास्त आला होता.

थोड्या वेळानं आक्का आली. आत तिचा डबा आणि एक शर्ट राहिला होता, तो न्यायला. आम्हाला बसलेलं बघून थांबली. विचारलं, हितं का बसलाय? मी सांगितलं, तुमच्यासाठी.

"माझ्यासाठी? मी काय मेलोय?"

 रेश्मा रडायला लागली. आक्कानं एकेकीकडं बघितलं, आणि तिचा पारा चढला. माझ्यासाठी पंखा मागितला होता काय मी, असं ती ओरडली. वॉचमन खुर्चीवरून उठला.

"इतकं भांडून चालू केला, आन् तुमी उन्हात बसताय व्हय? उठा. जावा आत. त्याच्याखाली उभ्या ऱ्हावा. दुसऱ्या बायका ठेवल्या तर त्यांनला कुठं ठावं, पंखा चालू नसला तर मशीन चालू करायचं नसतंय म्हणून? कोण सांगणार? तुमीच की."

मला तिचा भयंकर राग आला. पण उठले. मी उठले तशा बाकीच्या उठल्या. आम्ही आत गेलो, हात धुतले, ॲप्रन बांधले. कुणीतरी पंख्याचं बटण दाबलं. तो फिरायला लागल्यावरच मी मशीनला हात लावला.

खिडकीतून गेट दिसत होतं. शर्ट आणि डबा तिच्या हातात आला होता, तरी आक्का जात नव्हती. वॉचमन तिला हाकलत होता आणि ती त्याच्याशी भांडत होती, की एवढ्या मोठ्या पंख्याचा आवाज गेटपर्यंत का येत नाही, आणि उद्या तो बंद पडला तर बाहेरच्या माणसाला कळायचं कसं.